वजन उचला, पण हाडांच्या वेगाने

बडोद्याच्या कमाटीबागेत सकाळी सहाला गेलात तर अर्धा दांडिया बाजार तिथे भेटेल. साठीची, सत्तरीची माणसं, पावसाचा दिवस सोडला तर फेऱ्या न चुकवणारी. त्यांतलीच काही पुढे गुडघा किंवा कंबर घेऊन माझ्याकडे फिजिओथेरपीला येतात आणि तक्रारीच्या आधी सांगतात, "ताई, चालणं मात्र माझं रोजचं आहे हं." ते खरंही असतं. दम लागत नाही, नाडी शांत असते. मग मी त्यांना हाताची घडी घालून, कशाचाही आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठा-बसायला सांगते. तिसऱ्या वेळी मांड्या थरथरायला लागतात. पाचव्या वेळी हात आपोआप खुर्चीच्या दांड्याकडे जातो.

चालणं सोडू नका, हृदयासाठी ते हवंच. पण चालण्याने ताकद फारशी वाढत नाही, आणि उतारवयात माणूस अडतो तो बहुतेक वेळा ताकदीपाशीच.

याचं कारण स्नायूंच्या रचनेत आहे. प्रत्येक स्नायूत ढोबळमानाने दोन जातींचे तंतू असतात: एक मंद पण न थकणारे, दुसरे जलद आणि जोरकस. काम पडलं की मेंदू आधी मंद तंतूंना लावतो. भार वाढला किंवा हालचाल झटक्याची असली, तरच जलद तंतूंना बोलावतो. सपाट रस्त्यावर चालताना ती वेळ येतच नाही. त्यामुळे रोज तास-दीड तास चालणाऱ्याचेही जलद तंतू वर्षानुवर्षं बसून राहतात, आणि वयाबरोबर आधी बारीक होतात ते हेच. न्हाणीघरात पाय घसरला की सावरायला पुरता सेकंदही मिळत नाही. तेवढ्यात दुसरा पाय पुढे टाकायचा असतो, आणि ते काम जलद तंतूंचं.

तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतो. साठीनंतर हा वेग वाढतो, आणि ताकद तर स्नायूपेक्षाही लवकर उतरते. वजनकाट्यावर हे दिसत नाही, कारण गेलेल्या स्नायूची जागा चरबी घेते. "माझं वजन लग्नापासून तेवढंच आहे" हे मी अनेकांकडून कौतुकाने ऐकते. पण वजन तेवढंच असलं तरी आतला ऐवज बदललेला असतो.

आपल्या लोकांत तर मुळातच हा हिशेब थोडा वेगळा आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच शेजारी-शेजारी फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. कागदावर दोघेही सडपातळ. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांतही याज्ञिकांच्या गटाला हाच प्रकार दिसला होता: वजन कमी, स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने राखलेली. आपण स्नायूंची पुंजी आधीच थोडी घेऊन येतो. म्हणून ती जपायची गरज आपल्याला जास्त.

याचा मधुमेहाशी थेट संबंध आहे. जेवणानंतर रक्तात आलेली साखर ठेवायला शरीरात सगळ्यात मोठी जागा म्हणजे स्नायू. साखर स्नायूच्या पेशीत शिरते ती काही खास प्रथिनांमधून, आणि एरवी ही प्रथिनं पेशीच्या आवरणावर आणण्याचं काम इन्सुलिन करतं. मधुमेहात इन्सुलिनचं म्हणणं पेशी नीट ऐकत नाहीत. पण स्नायू जोर लावून आकुंचन पावला की हीच प्रथिनं इन्सुलिनशिवायही आवरणावर येतात. म्हणजे गोळी किंवा इंजेक्शन ज्या वाटेने काम करतं, त्याखेरीज एक दुसरी वाट उघडते. व्यायामाचा साखरेवरचा परिणाम एक-दोन दिवस टिकतो, म्हणून रविवारी दोन तास घाम गाळण्यापेक्षा आठवड्यातून दोन-तीनदा अर्धा-अर्धा तास बरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनातही चालण्याच्या मिनिटांखेरीज, सगळ्या मोठ्या स्नायूंना ताण देणारा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस करावा, असं स्वतंत्रपणे सांगितलं आहे. आपण त्यातलं चालणंच लक्षात ठेवलं.

आता हाडांचं

पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं ठिसूळ होतात हे सगळ्यांना माहीत असतं. मग घरचे सांगतात, जड काही उचलू नकोस. काळजीपोटी दिलेला हा सल्ला बऱ्याचदा उलटा पडतो. हाड हा जिवंत भाग आहे. त्यावर भार आला की त्यातल्या पेशी जास्त हाड घालतात, भार काढून घेतला की असलेलं हाडही कमी करतात.

ऑस्ट्रेलियात ग्रिफिथ विद्यापीठातल्या संशोधकांनी पाळी गेलेल्या, हाडांची घनता कमी झालेल्या १०१ बायकांना घेऊन एक प्रयोग केला. एका गटाला आठ महिने, आठवड्यातून दोनदा, दर वेळी अर्धा तास खरोखर जड वजनं दिली: जमिनीवरून बार उचलणं, खांद्यावर बार घेऊन बैठका, डोक्यावर वजन ढकलणं, आणि उडी मारून जमिनीवर उतरणं. दुसऱ्या गटाने घरी हलका व्यायाम केला. वजनं उचलणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्क्यांनी वाढली, दुसऱ्या गटाची १.२ टक्क्यांनी घटली.

या प्रयोगाबद्दल वाचून कुणी उद्याच बार उचलायला जाऊ नये. त्या बायकांच्या शेजारी प्रत्येक वेळी शिकवणारं माणूस उभं होतं आणि पहिला महिना नुसता हालचाल शिकण्यात गेला होता.

ठिसूळ हाडांच्या बाबतीत धोका वजनापेक्षा आकारात असतो, म्हणजे पाठ कशी वाकते यात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचा, १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक जुना, छोटा पण महत्त्वाचा अभ्यास आहे. ठिसूळ मणक्यांच्या बायकांपैकी ज्यांनी पाठ मागे ताणण्याचे व्यायाम केले, त्यांतल्या १६ टक्के जणींच्या मणक्यांना पुढे नवं फ्रॅक्चर झालं. ज्यांनी पुढे वाकण्याचे व्यायाम केले, त्यांच्यात हेच प्रमाण ८९ टक्के होतं. म्हणून हाडांची तपासणी करून 'ऑस्टिओपोरोसिस' असा शेरा मिळालेला असेल, तर पोटाच्या उठाबशा (पाठीवर झोपून उठून बसणं) आणि बसून जोराने पायांचे अंगठे पकडणं हे वगळा. पाठ सरळ ठेवून उचललेलं वजन त्यापेक्षा सुरक्षित असतं. योगवर्गाला जाणाऱ्या बायकांना मी हे आवर्जून सांगते, कारण तिथे सगळ्यांना एकच आसन दिलं जातं.

घाई कुठे नडते

मला या लेखात सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते हे. व्यायाम सुरू केला की शरीराचे सगळे भाग एका वेगाने तयार होत नाहीत.

पहिल्या चार-सहा आठवड्यांत ताकद झपाट्याने वाढते. पाच किलो जड वाटत होतं, आता आठ किलो सहज उचललं जातं. पण स्नायू अजून फारसा वाढलेला नसतो. मेंदू आणि नसा जास्त तंतू एकाच वेळी कामाला लावायला शिकलेल्या असतात, इतकंच. स्नायूची जाडी नजरेत भरेल इतकी वाढायला दोन-तीन महिने लागतात. स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा त्याहून मागे असते. तिला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ती महिन्यांच्या हिशेबाने घट्ट होते. हाडाचं तर विचारूच नका. जुना भाग खरवडून तिथे नवा भरून पक्का होण्याचं एक चक्रच चार ते सहा महिन्यांचं असतं.

म्हणजे दुसऱ्या महिन्यात अंगात जोर आलेला असतो, पण तो जोर पेलणारी दोरी अजून जुनीच असते. खांदा, कोपर, टाच यांची दुखणी घेऊन जिममधून माझ्याकडे येणारे बरेच जण याच टप्प्यावरचे असतात. "ताई, अगदी मस्त चाललं होतं" हे वाक्य त्यांच्या तोंडी ठरलेलं.

बडोद्यात याचं उदाहरण दर वर्षी नवरात्रात दिसतं. वर्षभर ऑफिसात बसणारी तरुण मुलं-मुली नऊ रात्री, दोन-दोन तीन-तीन तास, अनवाणी गरबा खेळतात. दम टिकतो, उत्साह तर असतोच. पोटरीचा स्नायू दोन दिवस दुखून सरावतो. पण टाचेची कंडरा आणि तळव्याचा पडदा नऊ दिवसांत सरावू शकत नाही. दसऱ्यानंतर सकाळी उठून पहिलं पाऊल टाकताना टाच चमकणारे लोक दवाखान्यात रांग लावतात. ज्यांनी आषाढापासून पायरीच्या कडेवर चवडे टेकून, आठवड्यातून तीनदा सावकाश टाचा वर-खाली केलेल्या असतात, त्यांचे पाय जास्त टिकतात. आधी दोन्ही पायांवर, जमलं की एका पायावर, मग हातात वजन घेऊन. तीन-चार महिने लागतात ते कंडरेमुळे.

हळूहळू भार वाढवत नेण्याची ही पद्धत वैद्यकात रूढ केली ती अमेरिकी लष्करी डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांचे गुडघे सुधारताना त्यांनी मोजून, टप्प्याटप्प्याने वजन वाढवलं आणि १९४५ मध्ये ते मांडलं. तत्त्व मात्र आपल्या तालमींनाही ठाऊक होतं. मुदगलांच्या हलक्या जोडीवर हात बसल्याशिवाय जड जोडी हाती द्यायची नाही, ही शिस्त. दांडिया बाजारातलं जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि तिथले राजरत्न प्रोफेसर माणिकराव यांचं नाव आजही इथल्या मराठी घरांत आदराने घेतलं जातं. पुढे १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढणारे स्वामी कुवलयानंद याच माणिकरावांचे शिष्य. ताकदीचा व्यायाम हे काहीतरी परकं फॅड आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी आपल्या आजोबांना एकदा विचारून पाहावं.

जोर-बैठकांबद्दल मला नेहमी विचारतात. व्यायाम उत्तम आहे, पण दोन उणिवा आहेत. भार आपल्या शरीराचाच, त्यामुळे चाळीस-पन्नास बैठका सहज जमू लागल्या की पुढे दम वाढतो, ताकद फारशी नाही. आणि जोरात आपण ढकलतो, बैठकेत उठतो-बसतो. ओढण्याचं काम दोन्हींत नाही. तालमीत ते मल्लखांब आणि दोरी करून घेत असत. आज फक्त जोर काढणाऱ्या मुलांचे खांदे पुढे आलेले दिसतात ते बरेचदा त्यामुळे. रबरी पट्टा दाराच्या कडीला बांधून स्वतःकडे ओढला तरी ही उणीव भरून निघते.

सुरुवात कशी करायची

यंत्रांची यादी देण्यात अर्थ नाही. उठणं-बसणं, कमरेतून वाकून उचलणं, ढकलणं, ओढणं आणि हातात वजन घेऊन चालणं, एवढ्या हालचालींत सगळे मोठे स्नायू येतात.

यात सगळ्यात जास्त चुकतं ते वाकून उचलणं, म्हणून त्यावर थोडं थांबते. गॅसची भरलेली टाकी घ्या. आत १४.२ किलो गॅस आणि टाकीचं स्वतःचं वजन मिळून ती साधारण तीस किलोची होते. आपण ती लांबून, पाठीची कमान करून ओढतो. माझ्याकडच्या एका काकूंना मी झाडूची लांब दांडी पाठीवर उभी धरायला दिली: एक टोक डोक्याच्या मागे, मध्ये पाठ, खाली माकडहाड. तिन्ही ठिकाणी दांडी टेकलेली ठेवून वाका म्हटलं. पहिल्यांदा त्या वाकल्या तशी दांडी माकडहाडापासून सुटली, कारण त्या पाठीतून वाकल्या. मग मी त्यांना भिंतीकडे पाठ करून टीचभर पुढे उभं केलं आणि सांगितलं, गुडघे थोडेसे सैल सोडा आणि मागच्या भिंतीला बसण्याचा भाग टेकवा. त्याबरोबर दांडी तिन्ही ठिकाणी टेकलेली राहिली आणि मांडीच्या मागच्या शिरा ताणल्या गेल्या. "अगोबाई, म्हणजे वाकायचं इथून होय!" असं म्हणून त्यांनी जांघेवर हात ठेवला. हे एकदा अंगात बसलं की मग तांदळाची पिशवी, मग डंबेल, मग टाकी. टाकी उचलताना ती दोन्ही पावलांच्या मध्ये घ्यायची, अंगाशी.

उठल्याबरोबर पहिला तासभर असं जड उचलू नका. रात्रभर आडवं राहून मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि वाकताना त्यांच्यावर जास्त ताण येतो. आधी चहा, थोडं चालणं, मग व्यायाम.

किती वजन? दहा-बारा वेळा नीट उचलता येईल आणि थांबताना अजून दोन-तीन वेळा जमलं असतं असं वाटेल, तेवढं. असे दोन फेरे पुरेत. लागोपाठ दोन-तीन वेळच्या व्यायामात बारा वेळा सहज होऊ लागलं की मगच सगळ्यात छोट्या टप्प्याने वाढवा. पहिले दोन महिने मनाला "एवढंच?" असं वाटत राहिलं तर समजा, बरोबर चाललंय.

दुखण्याचं काय? नव्या व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू ठणकतात, त्यात काळजीचं काही नाही. सांधा दुखत असेल तर दुसऱ्या दिवशीची सकाळ पाहा. व्यायामात थोडं दुखलं पण सकाळी नेहमीसारखं असेल तर चालू ठेवा. सकाळी सूज असेल, जिना उतरताना जास्त दुखत असेल, तर वजन कमी करा, व्यायाम बंद करू नका. झिजलेल्या गुडघ्याला तर मांडीचे स्नायू बळकट करणं हा जगभर पहिल्या फळीचा उपचार मानतात.

श्वास मात्र कधीच कोंडू नका. कॅनडात १९८५ च्या एका अभ्यासात, धमनीत थेट नळी ठेवून, पायांनी अतिजड वजन ढकलणाऱ्या शरीरसौष्ठवपटूंचा रक्तदाब मोजला. सरासरी ३२०/२५० पर्यंत गेला. ते तरुण, तयार शरीराचे होते, आणि दाब काही क्षणांत खाली आला. आपल्याला इतकं वजन उचलायचं नाही, पण श्वास रोखून कुंथलं तर बेताच्या वजनालाही दाब उसळतो. जोर लावताना तोंडाने श्वास सोडा. मोठ्याने आकडे मोजलेत तरी तो आपोआप सुटतो. महिनोन्‌महिने असा व्यायाम केला तर विश्रांतीच्या वेळचा रक्तदाब थोडा उतरतोच. पण तो १८०/११० च्या वर असेल तर आधी डॉक्टर, मग डंबेल. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, चक्कर, अशा वेळी लगेच थांबा. मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या आलेल्या असतील, तर डोळ्यांच्या डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय जड वजन नकोच. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर व्यायामानंतर साखर फार खाली जाऊ शकते, म्हणून तपासत राहा.

आणखी एक गोष्ट तरुणांसाठी, कारण बडोद्याचा एप्रिल-मे चाळीस अंशांच्या पुढे असतो. पहिल्याच दिवशी मित्राच्या ईर्षेने शेकडो जोर-बैठका, बंद खोली, पाणी कमी. दुसऱ्या दिवशी स्नायू दगडासारखे, हात सरळ होत नाही, आणि लघवी कोकाकोलाच्या रंगाची. हे नेहमीचं अंग दुखणं नाही. स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतलं प्रथिन रक्तातून मूत्रपिंडात अडकतंय. वेदनाशामक गोळी घेऊन झोपायचं नाही, कारण ती मूत्रपिंडावरच भार टाकते. तडक रुग्णालयात जायचं. आणि लवकर शरीर बनवायला कुणी इंजेक्शन देऊ केलं तर ठाम नाही म्हणा. स्टिरॉइडने हृदयाचा स्नायू जाड होतो, शरीराचं स्वतःचं संप्रेरक बनणं बंद पडतं, आणि ते पुन्हा सुरू व्हायला महिने लागतात.

खाण्यात फार गुंतागुंत नाही. भारतीयांसाठी राष्ट्रीय पोषण संस्थेने दिवसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. वयस्करांसाठी अनेक तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम धरतात. साठ किलोच्या आजींना म्हणजे साठ-सत्तर ग्रॅम. बऱ्याच आजी संध्याकाळी नुसती खिचडी-कढी किंवा चहा-भाखरी घेतात, त्यात हे भरत नाही. दोन्ही वेळा दाट वरण किंवा उसळ, दही, पनीर, चालत असेल तर अंडी. आपल्या गावच्या सेव-उसळीतली शेव कमी आणि वाटाणा जास्त केला तरी चालेल. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावं.

"आता या वयात?" असं विचारणाऱ्यांना मी १९९० चा अमेरिकेतला एक प्रयोग सांगते. बोस्टनच्या वृद्धाश्रमातल्या, सरासरी नव्वद वर्षांच्या दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे पायांच्या ताकदीचा व्यायाम दिला. मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. पण त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे: व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत जास्तीत जास्त ताकद ३२ टक्क्यांनी उतरली.

खंड सगळ्यांचाच पडतो. गणपती, लग्नसराई, आजारपण, मुलीकडे पुण्याला महिनाभर. परत आल्यावर पूर्वीचं वजन उचलायचा मोह होतो, कारण हालचाल नसांच्या लक्षात असते आणि जमेलसं वाटतं. महिन्याचा खंड असेल तर पूर्वीच्या निम्म्या वजनापासून सुरू करा आणि दोन-तीन आठवड्यांत वर या. एकदा कमावलेला स्नायू नव्यापेक्षा लवकर परत येतो. तापातून उठला असाल तर आठवडाभर फक्त खुर्चीतून उठा-बसा, सकाळी दहा वेळा आणि संध्याकाळी दहा वेळा. त्यात हात टेकावा लागला नाही की वजन हातात घ्या.